बॅटरीचा दिवा

गाडी टोचन करून माझ्या गॅरेजात आणली तेव्हा बाबा पुढच्याच सीटवर बसून होते. उतरायला तयार नाहीत. ताईने दार उघडून त्यांना हाताला धरून खाली घेतलं, स्टुलावर बसवलं आणि माझ्याकडे वळली. "का बंद पडली ते नीट बघून सांग. तीन आठवडे झाले, धड जेवत नाहीत की झोपत नाहीत."

याच गाडीतून बाबा आईला दवाखान्यात नेत होते. भर दुपारी, पुलावर गाडी बंद पडली ती पडलीच. अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांचं काय जातं बोलायला! तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद, माझ्या हातून काही चुकलं का?

मला रडू वगैरे आलं नव्हतं, तेव्हाही आणि नंतरही. बत्तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. समोर गाडी आली की हात आपोआप चालतात. त्या दिवशीही हातच काय ते काम करत होते, मी नुसता उभा होतो म्हणा ना.

बॅटरी पार उतरली होती. दुसरी लावली, चावी अर्धी फिरवली. अशी चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे सगळे दिवे एकदा लागायलाच हवेत. ऑईलचा लागला, ब्रेकचा लागला. बॅटरीचा लागला नाही.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"अजून काही नाही. डोक्यावर उभी राहू नकोस."

इंजिन सुरू केलं, तर बॅटरी चार्जच होईना. इथे निम्मे लोक बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरच बदलून मोकळे होतात. मी त्याला बाहेरून, एका बल्बमधून करंट दिला, तर गडी लगेच कामाला लागला. ठणठणीत होता. म्हणजे घोळ दिव्यापाशीच. डॅशबोर्ड उघडायला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि थांबलो. चारही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या, एकसारख्या, कुठे ओरखडा नाही. गॅरेजवाले असे स्क्रू पिळत नाहीत. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली.

आत बल्बची जागा रिकामी होती.

या जुन्या गाडीत तो बल्ब नुसता दाखवण्यापुरता नसतो. त्याच्यातून जाणाऱ्या करंटवरच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब काढला की चार्जिंग बंद, आणि ते सांगायला दिवाही नाही. हे बाबांना कुठून ठाऊक असणार? दिवा काढण्याआधी त्यांनी मला फोन केला होता, लाल दिवा मंद मंद जळतोय, तुझी आई घाबरते. रविवारी येतो, म्हणालो. असे तीन रविवार गेले. एक सैल जोड घट्ट करायचा होता, पाच मिनिटांचं काम. मला मेल्याला तेवढीही सवड नव्हती.

बाबा स्टुलावरून उठून जवळ आले. "तो लाल दिवा मीच काढला होता रे. तिला बघवत नव्हता. त्याने तर काही झालं नाही ना?"

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दिव्याने काय होतंय बाबा?" मी म्हणालो. "मागे मी वायर जोडून दिली होती ना, ती सुटली. माझंच काम कच्चं होतं."

वाटलं, जाऊ दे म्हणतील, पाठीवर हात ठेवतील. तसं काही झालं नाही. त्यांचे खांदे तेवढे हळूहळू सैल पडले.

"तरी मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "कुठलंच काम तुझ्या हातून कधी नीट झालं नाही." आणि ताईकडे वळले. "चल गं. भूक लागलीय मला."