काचेसमोरची ढांग

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेला तो करडा मणी – वाटाण्याएवढा, कॅमेऱ्याला दिसावा म्हणून चकचकीत – पळताना निसटतो की काय असं तिला सारखं वाटत होतं, आणि खाली बघू नका असं फिजिओने बजावल्यामुळे तर जास्तच. असले मणी घोट्यांवर, मांड्यांवर, कमरेवर. "नेहमी पळता तसंच पळा," फिजिओ संगणकामागून म्हणाली. नेहमीसारखं म्हणे. चहूबाजूंनी कॅमेरे रोखायचे, अंगभर चिकटपट्ट्या लावायच्या, पायाखाली पट्टा सरकवायचा, आणि वर म्हणायचं नेहमीसारखं... इथे नडगीचं हाड एकाच जागी पुन्हा पुन्हा चिरतंय, आता चिरलं तर शर्यती विसरा असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय, निवड चाचणी जवळ आलीय, आणि हिला नेहमीसारखं हवंय.

काचेपलीकडे बाबा उभे होते. हात पाठीशी, मान किंचित तिरकी, मैदानाच्या कडेला उभे राहतात तसेच. तिला पळायला त्यांनीच शिकवलं. शाळेतल्या पोरींत ती सगळ्यात बुटकी, म्हणून मुद्दाम नाव ठेवलं लंबू. 'पाय लांब टाक, लंबू. दोन पावलांचं काम एका ढांगेत झालं पाहिजे.' मग ती कमरेतून पाय फेकायची, लांबच्या लांब, आणि बाबांचा चेहरा उजळायचा. त्या चेहऱ्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

काचेतून आवाज येत नव्हता, पण त्यांचे ओठ हलले ते तिला कळलं. लांब. तिने टाकला.

मग त्यांचा फोन वाजला असावा. खिसा चाचपत ते जिन्याकडे गेले. काच रिकामी झाली. ती पळत राहिली – भिंतीवरच्या पंख्याकडे बघत, दोरीवरचे कपडे काढायचे राहिलेत, बहिणीला फोन करायचाय, असलं काहीबाही आठवत... पट्टा थांबला तेव्हा फारसा दम लागला नव्हता.

"गंमत दाखवू, ताई?" फिजिओने पडदा तिच्याकडे वळवला. "ही सुरुवात. पाऊल अंगाच्या किती पुढे पडतंय बघा, आणि गुडघा ताठ. म्हणजे दर पावलाला तुम्ही स्वतःलाच ब्रेक लावताय, आणि तो दणका सगळा नडगीत. पण इथून पुढे..." तिने चित्र सरकवलं. "पावलं आखूड, भरभर, बरोबर कमरेखाली. वेग तोच. छान पळताय हो. इथे काय बदललं?"

पडद्यावरची बाई काड्यांची होती, बिनचेहऱ्याची. आधी ती ढांगा टाकत होती, मग नुसती पळत होती. हे नुसतं पळणं तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं."

आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. बापाने पोरीसाठी हाडाची काडं केली म्हणतात सगळे – सत्कारात म्हणतात, काका-मामा म्हणतात, आई तर उठता-बसता म्हणते. आणि चिरलं कुणाचं हाड? कुबड्या काखेत धरून न्हाणीघरापर्यंत लंगडत कोण गेलं? दर वेळी बाबा उशाशी बसायचे, कपाळावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, 'हाडंच कच्ची तुझी. आईवर गेलीस.' मी मान डोलवायचे. आईवर चिडायचे, तिच्या हाडांवर! आणि ती बिचारी मुकाट्याने कॅल्शियमच्या गोळ्या पुढे करायची... इतकी वर्षं हा राग भलत्याच दारात नेऊन टाकला.

दार ढकलून बाबा आत आले. फोनवरचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. "काय म्हणतंय मशीन? आमच्या लंबूची ढांग बघितलीत ना? अशी ढांग बघायला नाही मिळायची."

फिजिओने तिच्याकडे पाहिलं. सांगून टाकावं – बाबा, तुम्ही फोन घ्यायला गेलात तेव्हाच मी नीट पळले. एवढंच वाक्य. पण बाबांच्या डोळ्यांत तोच शाळेच्या मैदानावरचा उजेड होता, आणि त्या उजेडाचाच तिला संताप आला.

"एकदा परत घेऊ या," फिजिओ जपून म्हणाली. "काका, तुम्ही हवं तर बाहेर बसा."

"बघतो की. माझी काय अडचण होतेय?"

"बघू दे त्यांना," ती म्हणाली.

बाबा परत काचेपलीकडे जाऊन उभे राहिले. पट्टा सुरू झाला. काचेपलीकडे मान तिरकी झाली, ओठ हलले. तिने आखूड पाऊल टाकलं. मग दुसरं, मग तिसरं. बाबांच्या कपाळावर आठी पडलेली तिला दिसली. पाय आपसूक पुढे जायला बघत होता, कमरेतून, लांब... दातओठ खात ती त्याला मागे खेचत होती, काचेवरची नजर काढता येत नव्हती, आणि मनातल्या मनात ती त्यांच्या खिशातल्या त्या फोनला म्हणत होती – वाज. वाज एकदाचा.