पोशीरच्या जावा आणि माझी प्रश्नावली

सत्त्याहत्तर साली एम.ए.च्या प्रबंधासाठी मी एकटेपणा मोजायची प्रश्नावली तयार केली. हसू नका, आमचे सर हसले तेवढे पुरे. ते म्हणाले, "कर्जतची ना तू? तिकडच्याच बायकांना विचार. तीन आठवड्यांनी त्याच बायकांना तेच प्रश्न परत विचार. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची, नाही तर वर्ष पाण्यात." घरी वडिलांनी बजावलेलं, यंदा प्रबंध झाला नाही तर शिक्षण बंद आणि लग्न.

मी कर्जतजवळचं पोशीर गाव गाठलं. एकेकीला वेगळं विचारायला गेले तर येसूबाई म्हणाली, "एकटीला का इचारते? चोरी केली का आमी?" मग सगळ्या शाळेच्या पडवीत बसल्या, तेही दोन टोकांना. येसूबाई आणि चंद्राबाई सख्ख्या जावा. एका कोंबडीवरून त्यांचं बोलणं तुटलं होतं आणि अर्धी आळी हिच्याकडे, अर्धी तिच्याकडे.

मी विचारलं, "मनातलं सांगायला जवळचं कुणी आहे का?"

येसूबाई म्हणाली, "नाय. होती एक, ती आता बोलत नाय."

चंद्राबाई तिच्याकडे पाठ करून बसली होती. तिची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "माजं बी तेच लिव." मग बाकीच्या आळीचंही 'नाय'च.

तीन आठवड्यांनी गेले, तर दोघी एकाच ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या. आळीतल्या बाकीच्याही तिथेच. तोच प्रश्न विचारला. येसूबाई म्हणाली, "हाय." चंद्राबाई म्हणाली, "हाय." सगळ्या आळीचं हाय. एक उत्तर जुळेल तर शपथ.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बायांनो, माझं वर्ष बुडवलंत तुम्ही. आता घरचे मला उजवून मोकळे होतील." आणि मला रडूच आलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवून चंद्राबाई म्हणाली, "रडू नको गं. लिव 'नाय'. तुज्या परीक्षेपर्यंत आमी परत अबोला धरतो."

"व्हय," येसूबाई म्हणाली, "पर परीक्षा लवकर दे."

रडता रडता मला हसू फुटलं. मी सगळ्यांचं 'हाय'च लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तणतणत सरांपुढे उभी राहिले. विचारलं, "ताप उतरल्यावर पारा खाली आला, तर थर्मामीटर खोटा कसा?"

सरांनी दोन्ही खेपांचे कागद शेजारी ठेवून वाचले. म्हणाले, "बस. हेच प्रबंधात लिही."