पेन्सिलीएवढी फट

मी एक जुना डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा आहे. मास्तरांच्या घराच्या मागच्या दाराबाहेर पसरलेला, दाराच्या उंबऱ्याला टेकलेला. माझ्या फळ्या लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून बनवल्या आहेत. मला वाळवी लागत नाही, मी कुजत नाही. या टिकाऊपणाचा मला एके काळी फार गर्व होता.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, चालता येईनासं झालं आणि त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, त्यामुळे स्वतः लावलेलं लिंबाचं झाड त्यांना फक्त दाराच्या जाळीतून दिसायचं. म्हणून मास्तरांनी माझा आराखडा काढला. चांगले नऊ कागद फाडले, मग कुठे मनासारखा जमला.

सुतारकाकांनी खाली भक्कम सांगाडा ठोकला. मग म्हणाले, "दोन फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट ठेवू. भिंतीपाशीही जागा सोडू. हा माल उन्हात फुगतो, मास्तर."

"फट नको. हिच्या खुर्चीला गचके बसतील. पाठ दुखते हो तिची."

"अहो, पण..."

"मी सांगतो तसंच करा."

काकांनी मान हलवली आणि फळ्या घट्ट भिडवल्या. दिवस थंडीचे होते. बाई बाहेर आल्या, झाडाला हात लावला आणि रडल्या. शेजारीपाजारी मला बघायला आले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता.

मग ऊन तापलं. मी फुगलो, पण सरकायला जागाच नव्हती. दारासमोरच्या माझ्या फळ्या वर उचलल्या गेल्या आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं ते दार उघडेना.

"अहो, काकांना बोलवा ना," बाई आतून म्हणाल्या.

"बसेल गं आपोआप." मास्तरांना काकांपुढे चूक कबूल करायची लाज वाटत होती.

बाई रोज जाळीपाशी येऊन बसायच्या. "आज केलात फोन?" असं विचारायच्या. पुढे पुढे विचारायच्याही थांबल्या. पावसाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या. लिंबं पिकून माझ्यावर पडत होती.

त्यानंतर काका आले. वरातीमागून घोडं! त्यांनी फळ्या उचकटल्या, टोकं कापली, पेन्सिल मधे धरून पुन्हा बसवल्या. जेवणाच्या वेळेपर्यंत काम संपलंसुद्धा.

"नुसता एक फोन करायचा होता, मास्तर," काका हळूच म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू पुष्कळ वर्षं टिकतात. माणसं टिकत नाहीत. चुकलात तर लाजत बसू नका, कुणीतरी दाराआड वाट बघत असतं.

आता मी जुना झालो आहे, रंग उडाला आहे. मास्तर अजूनही रोज संध्याकाळी ती रिकामी खुर्ची ढकलत लिंबापर्यंत आणतात. फटींवरून चाकं जातात, मित्रांनो. एकदाही गचका बसत नाही.