इंजनातली कणीक

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुरुमच्या पेठेत हणमंतप्पाची पिठाची गिरणी होती. इंजन तो चालवायचा आणि दळण तोलून घ्यायची त्याची बायको शिवम्मा. पण तिची नजर तराजूपेक्षा इंजनाकडंच जास्त. पंपातून वर जाणाऱ्या तेलाच्या नळीला मधे काचेची पुंगळी होती. त्या काचेतून तेल सरसर चढताना बघायची तिला भारी हौस.

एका सकाळी काच कोरडी दिसली.

"अहो, बंद करा! तेल चढंना झालंय!"

हणमंतप्पानं लगबगीनं इंजन थांबवलं. टाकीत काठी बुडवून पाहिली, तर तेल भरपूर. पंप सोडवून पाहिला, तोही धड. मग तो चबुतऱ्यावर टेकला.

"खाली तेलाच्या टाकीत नळीच्या तोंडाला जाळी हाय. तीच तुंबली असंल. पण तिथं हात घालायचा म्हंजे अख्खं इंजन उचलायला पायजे. सोलापूरचा मिस्त्री सरहद्दीच्या नाक्यावरची करोडगिरीची जकात, झडत्या उरकून येईस्तवर लगीन होऊन जाईल."

लग्न शांताक्काच्या घरचं होतं, आणि तिच्या गव्हाची पोती दारातच पडली होती.

शिवम्मा पंपापासून सुटलेल्या नळीच्या तोंडाशी वाकली. "ही नळी थेट जाळीपाशीच जाती न्हवं?"

"व्हय."

तिनं पदरानं नळीचं तोंड पुसलं आणि चुलीत फुंकर घालावी तशी जोरात फुंकर मारली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, वारा मात्र तसूभर पुढं सरकला नाही.

"अडलंय खरं," ती ओठ पुसत म्हणाली. "पंप तेल वर वढतो, म्हणून घाण जाळीला चिकटून बसती. उलटं जोरात फुंकलं तर सुटंल का?"

हणमंतप्पानं नकाराची मान हलवली. मग म्हणाला, "बघायला काय जातंय?"

तो सायकलवाल्या गोरोबाचा हवेचा पंप घेऊन आला. नळीच्या तोंडाशी रबर आवळून धरलं आणि दणादण हवा मारली. टाकीत गुडगुड झालं. पंप परत बसवून चाक हातानं फिरवलं, तसं काचेत तेल आलं! शिवम्मानं टाळी वाजवली. पण इंजन सुरू करून एक पोतंही दळून झालं नाही, तोच काच पुन्हा कोरडी.

"सुटलेली घाण टाकीतच ऱ्हायली की," ती म्हणाली. "पुन्हा जाळीवर जाऊन बसली. ती भाईर काढाय पायजे."

मग त्यांनी टाकीच्या बुडाचं बूच काढून सगळं तेल घमेल्यात सोडलं. बूच पुन्हा घट्ट बसवलं. कंट्रोलातून, रेशनवर मिळालेलं कंदिलाचं रॉकेल शिवम्मानं घरातून आणून आत ओतलं. हणमंतप्पा हवा मारत राहिला. रॉकेल चांगलं ढवळून निघालं, तसा तिनं घाण खाली बसायच्या आत बूच काढलं. काळंकुट्ट रॉकेल भसाभस आलं आणि त्याच्यामागून चिकट गोळे पडले.

शिवम्मानं एक गोळा चिमटीत धरून चोळला. तो दोऱ्यासारखा ताणला गेला. तिच्या बोटांना ही ओळख रोजची होती.

"अहो, ही तर कणीक हाय!"

"खुळी का काय? इंजनात कणीक कशी येईल?"

पण चोळून पाहिल्यावर त्यालाही पटलं. मग दोघंही इंजनाभोवती फिरून पीठ शिरतं कुठून ते शोधू लागले. तेल ओतायच्या भोकाचं झाकण कधीच हरवलं होतं, तिथं चिंधी कोंबलेली. तिनं चिंधी झटकली, तर पांढरा धुरळा उडाला.

रॉकेल पुरतं निथळू दिल्यावर त्यांनी तेल जाड फडक्यातून गाळून भरलं. पंपातही थोडं ओतलं, नाहीतर तो कोरडाच फिरला असता. आधी चाक हातानं फिरवून काच बघितली, मगच इंजन सुरू केलं. उन्हं कलायच्या आत शांताक्काचा गहू दळून झाला, आणि कासारानं भोकाला पितळी झाकण बसवलं.

शिवम्मानं मात्र एक गोळा पळसाच्या पानावर ठेवून दिला होता. दळणाला येणाऱ्या प्रत्येकासमोर ती तो धरायची, "वळखा बघू, काय हाय?" कुणी डांबर म्हणालं, कुणी डिंक. शांताक्कानं वास घेऊन नाक मुरडलं आणि विचारलं, "तू नवऱ्याला घालतीस ती भाकर व्हय गं?" हणमंतप्पा इंजनामागून इतका हसला, की त्याला चढवायला घेतलेला पट्टा सोडून बाजूला व्हावं लागलं.