साचा

"हलू नकोस," झिना म्हणाली आणि ओलं प्लास्टर ग्लेबच्या खांद्याखाली हाताने दाबून बसवू लागली.

लोकरी बनियन-विजारीत ग्लेब, तिचा नवरा, टबात गुडघे पोटाशी घेऊन उताणा पडला होता. ज्याच्या त्याच्या पाठीचा असा साचा घ्यायचा आणि त्यावरून अंतराळयानातली बैठक घडवायची. त्याला प्लास्टर गार लागत होतं, तरी स्वारी लग्नातल्या नवरदेवासारखी खुशीत होती.

यानाचा गोळा मुळात एका माणसापुरता. शरद ऋतूपर्यंत त्यात तिघांना बसवा, असा वरून हुकूम आला. आराखडा झिनाकडे होता. तिने आधी संकटात माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची काढली, तरी जागा पुरेना, मग अंतराळपोशाख काढले. तिघे कसेबसे मावले. पण उड्डाणानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात रॉकेट बिघडलं, तर त्यांना वाचवायला काहीच उरलं नाही. सभेत तिने हे स्पष्ट सांगितलं. "पर्याय सांगा, झिनाइदा ल्वोव्ना," प्रमुख शांतपणे म्हणाले. पर्याय तिच्याकडे नव्हता. मग तिघांतली एक जागा आराखडेवाल्यांपैकी एकाला मिळणार असं कळलं आणि भल्याभल्यांची तोंडं आपोआप मिटली. सगळ्यात आधी ग्लेबचं; तोही आराखडेवालाच.

घरी तिने त्याला जाऊ नकोस म्हणून परोपरीने विनवलं, दोन दिवस अबोलाही धरला.

"स्वतःच्या हातच्या कामावर विश्वास नाही का तुझा?" तो हसून म्हणायचा. वजन वाढू नये म्हणून मुळा आणि ताकावर राहायचा.

त्या ताकानेही पोटातला व्रण लपला नाही. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी त्याचं नाव खोडलं. ग्लेब भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. झिनाने स्वयंपाकघराचं दार लावून कटलेट तळले आणि तळता तळता ती आनंदाने रडली. त्या आनंदाची तिला लाजही वाटली.

ग्लेबच्या जागी कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारा अर्कादी आला. नवा साचा घ्यायला वेळ नव्हता. अर्कादी खांद्यात दोन बोटं अरुंद, म्हणून झिनाने नवऱ्याच्याच साच्यात प्लास्टरचा आणखी एक थर दिला. अर्कादी मुकाट्याने त्यात पडून राहिला.

शनिवारी अर्कादीची बायको दारात आली. नोन्ना वरच्याच मजल्यावर राहायची. हातात खारवलेल्या अळंब्यांची बरणी होती. आत यायला ती तयार होईना.

"हा मला काही सांगत नाही, झिनाइदा ल्वोव्ना. तुम्हालाही सांगता येणार नाही, ठाऊक आहे मला. पण ते तुम्ही केलंय, साचेही तुम्हीच घेता, एवढं कानावर आलंय."

गुप्ततेच्या कागदावर झिनाची सही होती. सही नसती तरी खरं सांगण्यासारखं नव्हतं.

"त्यांची बैठक चांगली घडलीय," ती म्हणाली.

नोन्नाने मान हलवली, पण ती जाईना. बरणीच्या झाकणावर बांधलेलं फडकं ती पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

"एकच विचारते. आधी तुमचे ग्लेब बसणार होते ना त्यात?"

"हो."

"त्यांचा साचा तुम्हीच घेतलात?"

"मीच."

नोन्नाने इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"घरच्या माणसासाठी केलेलं. मग झालं तर," ती म्हणाली. बरणी झिनाच्या हातात देऊन ती हलक्या पावलांनी जिना चढून गेली.