एकडोळ्याचं पाणी

चांगुणा पुसेगावच्या बौद्धवाड्यातली पहिलीच मुलगी, जी कॉलेजात गेली आणि तिथून पुढे औरंगाबादेला विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला राहिली. शहात्तर सालच्या मे महिन्यात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची एक टोळी खेड्यांतल्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग करून दाखवायला निघाली, तेव्हा हिनं आपण होऊन नाव दिलं आणि आपला मुलूख मागून घेतला. सोबत हरिचंद नावाचा पदार्थविज्ञानाचा मुलगा होता. सेनगावला एसटीतून उतरून दोघं टेकडीमागच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचली, तेव्हा उन्हं कलली होती. हरिचंदच्या डोक्यावर लोहचुंबक, भिंगं, काचेच्या नळ्या भरलेली ट्रंक, आणि चांगुणाच्या छातीशी धरलेली मायक्रोस्कोपची लाकडी पेटी. ती पेटी तिनं एसटीतही मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

तांड्याचा नाईक नेमसिंग शांत माणूस. त्यानं देवळापुढच्या लिंबाखाली जागा करून दिली, बाज टाकायला सांगितली. शेजारच्या घरातून जिवनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"कुठली गं तू, पोरी?"

"पुसेगावची."

"कोणाची?"

"बौद्धाची," चांगुणा सरळ म्हणाली. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक असायचं, आणि उत्तर लांबवायचं नाही हे तिनं फार आधीच ठरवलं होतं.

जिवनबाईनं तांब्या तिच्या हातात दिला नाही. वरून धार धरली, चांगुणा ओंजळीनं पाणी प्याली. हरिचंदनं मान दुसरीकडे वळवली.

पहिला दिवस मजेत गेला. हरिचंदनं पोरांना ओढ्यात नेलं आणि कोरड्या वाळूतून लोहचुंबक फिरवायला लावलं. चुंबकाला काळ्या मिशा फुटल्या तशी पोरं खिदळायला लागली. जिवनबाईची नात बेबी, सात-आठ वर्षांची, ती तर दिवसभर चुंबक कुणाला देईना. तिनं तो प्रत्येक गोष्टीला लावून पाहिला: पैंजणाला, विळ्याला, बकरीच्या शिंगाला.

दुसऱ्या दिवशी चांगुणाची पाळी होती. तांड्याचं पाणी एकाच विहिरीचं, पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरायचं आणि घागर बुडवायची. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेलं, हिरवट. तांड्यात दर तिसऱ्या घरी कुणीतरी पाय धरून बसलेलं होतं. नारू झालेला. पायाला फोड यायचा, फुटायचा, आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा हळूहळू बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत बसायचं, रोज बोटभर. म्हातारा वसराम असाच खळ्यात बसलेला असायचा.

चांगुणानं त्याच विहिरीचं पाणी काचेच्या बरणीत भरून उन्हात धरलं. नीट पाहिलं तर पांढरे कण टुणटुण उड्या मारताना दिसत होते. मग तिनं एक थेंब काचपट्टीवर घेतला, आरसा सूर्याकडे वळवला आणि एकेका पोराला नळीला डोळा लावायला सांगितलं.

"याडी गं!" बेबी किंचाळून मागं सरकली. "एकच डोळा हाय त्याला! बुडाला दोन पिशव्या हायत!"

"त्या अंड्याच्या पिशव्या," चांगुणा म्हणाली. "अन् ह्याच किड्याच्या पोटात नारूचं बी ऱ्हातं. आपण पाणी पेलं का किडा पोटात जातो, अन् वरसभरानं पायातून नारू निघतो. वसरामबाबाच्या पायात निघाला ना, तो असाच."

पोरं पुन्हा पुन्हा पाहायला लागली. कुणीतरी त्याला एकडोळ्या नाव ठेवलं, बेबीनं धुळीत त्याचं चित्र काढलं. चांगुणाला फार बरं वाटलं. ह्या क्षणासाठीच तर ती पेटी तिनं मांडीवर घेऊन आणली होती. पाणी गाळायचं कसं, हे कार्यक्रमात शेवटच्या दिवशी होतं. विद्यापीठातल्या सरांनी तसंच आखून दिलं होतं: आधी निरीक्षण, मग कारण, मग उपाय. त्या रात्री ती गाढ झोपली.

तिसऱ्या दिवशी लिंबाखाली एकही पोर आलं नाही.

हरिचंद चुंबक हातात फिरवत म्हणाला, "कुठं लगीन-बिगीन असंल."

लग्न नव्हतं. ऊन वर चढलं तशी जिवनबाई आली. खांद्यावर बेबी, मान टाकलेली. ओठ सुकून पापुद्रे निघालेले.

"कालपासून घोट न्हाई घेतला पोरीनं," जिवनबाई म्हणाली. आवाजात राग होता, पण त्याहून भीती जास्त होती. "तांब्या तोंडाला लावला का रडती. एकडोळ्या हाय म्हनती. सगळ्या घरात हेच चालू हाय. काय दाखवलं तुमी लेकरांना?"

चांगुणा उठून उभी राहिली.

मागून नेमसिंग आला होता. तो ओरडला नाही. बाजेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "पोरी, भेव घालायला सोपं हाय. खरंबी असंल तू म्हनती ते. पन दुसरं पानी पार खालच्या गावात हाय, अन् तिथं आमाला भरू देत न्हाईत. मग लेकरानं प्यावं काय?"

"उकळून प्या ना," हरिचंद म्हणाला.

"जळण कुठून आणू? अन् ह्या उन्हात गरम पानी लेकरू पेतं का?" जिवनबाई म्हणाली.

चांगुणाला आपली आई आठवली. घागरीच्या तोंडावर फडकं बांधून पाणी ओतणारी. काडीकचरा जाऊ नये म्हणून. उपाय एवढासाच होता आणि तिला तो पाठ होता. तो तिनं कार्यक्रमात आहे म्हणून चौथ्या दिवसासाठी राखून ठेवला होता, एखाद्या खाऊसारखा. लेकरांना तहान मात्र कार्यक्रम पाहून लागत नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "कालच सांगायला पायजे होतं. याडी, घरात जुनं धोतर हाय का? घट्ट विणीचं?"

जिवनबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. ह्या पोरीच्या तोंडून तो शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. मग ती बेबीला बाजेवर निजवून घरात गेली.

धोतराचा तुकडा आला, जुना, मऊ झालेला. चांगुणानं बेबीला हाक मारली. "तू धर. तूच बांध."

बेबी उठेना. मग उठली. तिनं रिकाम्या घागरीच्या तोंडावर फडकं धरलं, हरिचंदनं सुतळीनं आवळलं, जिवनबाईनं विहिरीचं पाणी ओतलं. खालच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला. बेबीनं डोळा लावला. बराच वेळ लावून बसली.

"हाय!" ती रडवेली होऊन म्हणाली. "एक हाय! पळून राहिला!"

चांगुणानं पाहिलं. होता. फडक्याला मध्येच एक बारीक भोक होतं, झिरझिरीत झालेल्या जागी. क्षणभर तिचा धीर सुटला. पण बेबीच पुढं झाली, फडकं उन्हात धरून भोकातून पलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुहेरी करू."

फडकं दुहेरी केलं, भोकावर भोक येणार नाही असं. पुन्हा ओतलं. आता बाकीची पोरंही कुडाआडून एकेक करत जमली होती. बेबीनं थेंब पाहिला, मग दुसरा, मग म्हणाली तळातला दाखवा. तळातलाही दाखवला. फडक्यावरचं पाणी पाहिलं, तर तिथं एकडोळ्यांची जत्रा भरली होती.

"आता पे," जिवनबाई म्हणाली.

"आधी बाईला पिऊ दे," बेबी म्हणाली.

जिवनबाईनं तांब्या भरला आणि चांगुणाच्या हातात दिला. वरून धार धरली नाही. बाजूच्या कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नसावं. चांगुणाला मात्र तांब्याचा गारवा दोन्ही तळव्यांना कळला. ती घटाघटा प्याली. मग बेबीनं तिच्या हातातून तांब्या ओढून घेतला आणि दम न घेता रिकामा केला.

दुपारपर्यंत घराघरांत फडकी बांधली गेली. पोरं एकमेकांच्या घागरीतले थेंब लिंबाखाली आणून तपासून जात होती आणि कुणाच्या फडक्याला भोक निघालं की सगळा तांडा गोळा करत होती.

संध्याकाळी चांगुणा नेमसिंगपाशी बसली आणि राहिलेलं सगळं सांगितलं. नारूचा पाय विहिरीत बुडाला की किडा पाण्यात बी सोडतो, म्हणून नारूवाल्यानं पायऱ्या उतरू नयेत. नेमसिंग ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "वसरामला सांगायचं म्हंजे भांडन हाय."

भांडण झालंच. "मी काय विटाळ झालो का?" वसराम ओरडला. "जलम गेला ह्या हिरीत!" चार दिवस तो कुणाशी बोलला नाही. त्याचं पाणी शेजारची पोरं भरून आणत होती, पण घागरीवरचं फडकं तो आधीच काढून टाकायचा आणि न गाळलेलंच ओतून घ्यायचा.

फडक्याचा गुण एका दिवसात कळणारा नव्हता. पोटात आधीच गेलेला नारू बाहेर यायला वर्ष लागायचं, तोवर धीर धरून पाणी गाळत राहायचं. निघताना चांगुणानं हे सगळ्यांना बजावून सांगितलं, पोरींना दोनदा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं शिक्षण संपलं होतं. कुणी पाठवलं नव्हतं, ती आपली आपण सेनगावला उतरली आणि चालत तांड्यावर गेली. जिवनबाईच्या ओसरीवर घागरीला फडकं होतं. त्या साली तांड्यात नारूची तीनच माणसं निघाली, आणि त्यातला एक वसराम. तो खळ्यात काडीला किडा गुंडाळत बसला होता. चांगुणा त्याच्यासमोर उकिडवी बसली, कढत पाणी मागवून तिनं त्याचा पाय शेकला.

"लई दुखतं का, बाबा?"

"दुखतं व्हय." मग तिच्याकडे न पाहता, "ह्या पोरी लई खट्याळ. गाळल्याबिगर पानीच देत न्हाईत. आता मीबी गाळलेलंच पिऊन राहिलो."

शेवटची एसटी केव्हाच गेली होती. जिवनबाईनं चुलीवर भाकरी टाकली आणि आतून हाक मारली, "पोरी, हात धू, जेवाय बस."