झेंड्यांची जुडी

आपल्या हातात झेंड्यांची जुडी आहे हे लक्षात आले, तेव्हा शेपूट मटकन दगडावर बसला.

"अरे देवा! हे काय करून बसलो मी?"

शेपूट हे काही त्याचे खरे नाव नव्हे. पोटासाठी तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करी. पण उंच डोंगरातल्या या लांबलचक शर्यतीत वर्षानुवर्षे त्याच्याकडे एकच काम होते. शेवटच्या धावणाऱ्याच्याही मागून चालायचे आणि वाट दाखवणाऱ्या लाल झेंड्या उपटत यायचे. शर्यत संपली की डोंगरावर चिंधीसुद्धा राहता कामा नये. सगळ्यांच्या शेवटी येतो म्हणून शेपूट. हे नाव असे चिकटले की पुढे मेव्हण्यापासून कामावरच्या मुकादमापर्यंत सगळे तेच वापरू लागले. यंदा पन्नाशी उलटल्यावर त्याने हट्टच धरला, की आपण धावायचे आणि हे नाव एकदाचे पुसून टाकायचे.

वर्षभर तो बंद लिफ्टच्या इमारतींतले जिने धावत चढला. लोक म्हणत, "आधी लिफ्ट चालू करा, मग काय तो व्यायाम करा." बायको तेवढी हसली नाही. खिंडीतल्या चौकीवर ती दरवर्षी सूप वाटायची. ठरल्या वेळी ती चौकी बंद होई, आणि मागून येणाऱ्याला पुढे सोडत नसत. सकाळी तिने बजावले होते, "माझ्यासमोरून सरळ पुढं जायचं. सूप प्यायला थांबलात तर बघा!"

वेळ हाताशी होता, हेच तर दुखणे होते. पायही बरे चालत होते. पण वरची विरळ हवा डोक्यात भरली, धुके उतरले, आणि बधिर झालेल्या माणसाच्या हातांनी आपला जुना उद्योग सुरू केला. झेंडी दिसली की वाकायचे, उपटायची, काखेत मारायची. मागे अजून माणसे आहेत, हे त्या हातांना कोण सांगणार?

वरून चौकीची घंटा वाजली. बंद व्हायची वेळ जवळ आल्याची ती सूचना होती. त्याच वेळी खालून हाक आली, "ओ, कुणी आहे का? वाट कुठंय?"

आवाज कड्याच्या बाजूने येत होता. वर जाऊन सांगावे, कुणीतरी उतरेल खाली, असे त्याच्या मनात आले. पण तोवर कुणाचा पाय घसरला तर? त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि खाली धावत सुटला.

एक नर्सबाई आणि तिच्या मागून दोघे-तिघे कड्याकडे निघाले होते.

"मागं फिरा! तिकडं कडा आहे!"

"झेंड्याच नाहीत हो! कुण्या गाढवानं लावल्याच नाहीत की काय?"

"लावल्या होत्या. या गाढवानं उपटल्या." त्याने जुडी वर धरली.

"अहो, पण का?"

"सवय." दुसरे काय सांगणार? "त्या सुळक्याच्या उजवीकडून वर जा. वेळेत पोचाल. पळा!"

"आणि तुम्ही?"

"मागं अजून लोक आहेत."

पार खाली, पहिल्या रिकाम्या जागेपासून तो झेंड्या रोवत निघाला. जमीन कडक होती. दगडाने ठोकताना बोटे सोलवटली. त्याला रडू येत होते, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येत होता. सगळे वर्ष आपल्याच हातांनी मातीत घातले होते. मागचे एकेक जण "थँक्यू हां" म्हणत त्याला ओलांडून गेले. शेवटची झेंडी ठोकून तो चौकीवर पोचला, तेव्हा वाटेवर आडवी दोरी बांधून झाली होती.

वेळ बघणारा त्याचा जुना दोस्त. "लेका, तू मागं कसा काय राहिलास?"

"सोड ना मला. पाय चांगले आहेत अजून."

"तुला कसं सोडू? इथंच तू दरवर्षी किती जणांची समजूत काढलीस, आठव."

आठवत होते. त्याने छातीवरचा नंबर स्वतःच काढून दिला.

बायको पेला घेऊन आली. "थांबलात ना शेवटी," ती हळूच म्हणाली. नर्सबाईने जाता जाता तिला सगळे सांगितले होते.

तो सूप पीत असतानाच मागून नवा झेंडीवाला आला. कामाला नवा होता. झेंड्या कशा उपटायच्या, हे शेपटानेच त्याला शिकवले होते. जुडी खाली आपटत तो करवादला, "खालच्या टप्प्यातल्या झेंड्या कुणी ठोकल्यात हो? निघता निघेनात. हात सोलवटले माझे."

बायकोने नवऱ्याच्या बोटांकडे पाहिले आणि त्याच्या पेल्यात आणखी थोडे सूप ओतले.